आतल्या बाजूला उघडणारं शहर

अहमदाबादच्या जुन्या शहराला दर्शनी बाजूच नाही. गांधी रोडवरून किंवा रिलीफ रोडवरून रिक्षाने जाताना दोन्ही अंगांना दुकानांच्या पाट्या, लोंबणाऱ्या वायरी, हातगाड्या आणि एकमेकांत घुसलेल्या स्कूटर दिसतात. जुलै 2017 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत दाखल झालेलं भारतातलं पहिलं शहर ते हेच, असं कुणी सांगितलं तरी आपण पुन्हा पाट्यांकडेच बघत राहतो. ज्यासाठी तो मान मिळाला, ते सगळं या दुकानांच्या पाठीमागे आहे. दोन दुकानांच्या मधे एक जुना दरवाजा असतो. त्यातून एखादी गाय बाहेर येते, एखादी बाई दुधाच्या पिशव्या घेऊन आत जाते. आपण आत जावं की नाही हे मात्र समजत नाही, कारण तो रस्ता आहे की कुणाचं अंगण, याचा बाहेरून पत्ताच लागत नाही.

ठाण्याच्या माझ्या मावशीने मागे फोन करून विचारलं, "अगं, आम्ही दोघं पहिल्यांदाच अहमदाबादला चाललोय. सकाळी चालत फिरवून शहर दाखवतात म्हणे, ते घ्यावं का? तुझे काका म्हणतात, गाइड तेच तेच सांगतात, सगळं फोनवर मिळतं. त्यापेक्षा दिवसभराची रिक्षा ठरवू."

काकांचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही. 'ग्रुप टूर' म्हटलं की आपल्याला चाळीस-पन्नास माणसांची बस, टूर मॅनेजरची घाई, 'दहा मिनिटांत फोटो काढून या' आणि रात्री हॉटेलात पिठलं-भाकरी आठवते. त्या सहलीत सोय असते, सोबत असते. शहर मात्र बसच्या काचेपलीकडेच राहतं. पण दहा-बारा जणांनी, एका माणसाच्या मागे, पायी फिरणं हा प्रकार वेगळा. तो घ्यावा की नाही, हे जाणाऱ्याच्या आवडीपेक्षा शहरावर अवलंबून असतं. मी मावशीला एवढंच म्हटलं, "जुन्या शहरासाठी घे, बाकीच्या शहरासाठी नको." तिला कारणं हवी होती.

पहिल्यांदा गेले तेव्हा मी गुजरात मेलने भल्या सकाळी कालुपूरला उतरले. स्टेशनापासून थोड्याच अंतरावर स्वामिनारायण मंदिर आहे. 1822 साली बांधलेलं हे त्या संप्रदायाचं पहिलं मंदिर. कोरीव सागवानी खांब, त्यांवर भडक रंग, आणि सकाळी दर्शनाला आलेल्या भाविकांची लगबग. महानगरपालिकेची पदयात्रा, म्हणजे 'हेरिटेज वॉक', इथून आठ वाजता निघते. 19 नोव्हेंबर 1997 रोजी ती सुरू झाली. वास्तुविशारद देबाशिष नायक यांचा तिच्या उभारणीत मोठा वाटा होता. तेव्हा जुन्या शहरातली घरं पाडून तिथे दुकानं आणि गोदामं उभी राहत होती. बाहेरच्या माणसांना पाहुण्यासारखं आत आणलं तर आतल्या माणसांनाही आपल्या घराची किंमत पुन्हा वाटेल, असा त्यामागचा विचार. या वाटेची सुरुवात मंदिरात होते आणि शेवट जामा मशिदीत.

आमच्या गटात नागपूरचं एक निवृत्त जोडपं होतं, बेंगळुरूची दोन मुलं, वास्तुशास्त्र शिकणारी एक फ्रेंच मुलगी आणि आणखी चार-पाच जण. आमचे गाइड पन्नाशीचे, जन्माने याच भागातले. प्रत्येक बाईला 'बेन' आणि प्रत्येक पुरुषाला 'भाई' म्हणणारे. त्यांनी पहिलीच सूचना केली ती बोलण्याबद्दल. पुढे आपण लोकांच्या घरांत शिरणार आहोत, आवाज हळू ठेवा, वाळत घातलेल्या कपड्यांचे फोटो काढू नका.

घरांत शिरणार, हे त्यांनी उगीच म्हटलं नव्हतं. जुनं शहर बनलंय ते पोळांचं. पोळ म्हणजे एका जातीच्या, धंद्याच्या किंवा धर्माच्या कुटुंबांनी मिळून केलेली बंदिस्त वस्ती. तिला मोठा दरवाजा, दरवाजावर पहारेकऱ्याची खोली, आत एक मुख्य गल्ली आणि त्या गल्लीला फुटलेले खांचे, म्हणजे पुढे बंद होणारे बोळ. देऊळ किंवा जैन देरासर वस्तीचं स्वतःचं, विहीर सामाईक. दरवाजाशी काळा फळा, त्यावर कुणाच्या उठमण्याची, म्हणजे शोकसभेची, वेळ तर कधी पाण्याची सूचना. मोकळ्या जागी खांबावर उभारलेला चबुतरो, पक्ष्यांना दाणे टाकण्यासाठी. पुण्याच्या पेठा माहीत असलेल्या माणसाला हे ओळखीचं वाटतं, पण फरक मोठा आहे. पेठेतून तुम्ही आरपार जाऊ शकता. पोळमधून तुम्ही आलात तसे परत फिरता. ती बाहेरच्यांसाठी रस्ता म्हणून बांधलेलीच नाही.

सोबत माणूस लागतो तो इथे. गाइडने दिलेली माहिती पुस्तकातही सापडेल, पण त्याच्यामुळे मिळणारी परवानगी पुस्तक देत नाही. एका अरुंद घराच्या दाराशी थांबून त्यांनी आतल्या आजींना, म्हणजे बांना, हाक मारली, बांनी हातानेच 'आवो' म्हटलं आणि आम्ही चपला काढून चौकात गेलो. रस्त्यावरून जेमतेम दोन खिडक्यांचं दिसणारं ते घर आत खोलवर पसरलेलं होतं. मधला चौक वर आकाशाला उघडा, उजेड आणि वारा तिथूनच. चौकाच्या फरशीत एक झाकण. त्याखाली टांकं, पावसाचं पाणी गच्चीवरून नळीने आणून साठवण्याची जमिनीखालची खोली. साबरमती वर्षातले कित्येक महिने कोरडी पडायची, त्या शहराने पाण्याची सोय घराच्या पोटात करून ठेवली होती. बाहेरून हे कळण्याची काही शक्यता नव्हती.

दुसरी गोष्ट गुप्त वाटेची. एका घराच्या दारासारखं दार त्यांनी ढकललं आणि आम्ही अंधाऱ्या बोळातून थेट शेजारच्या पोळमध्ये निघालो. हल्ला झाला, आग लागली तर निसटण्यासाठी ठेवलेल्या या वाटा. फोनवरच्या नकाशात ती भिंत दिसते. फ्रेंच मुलगी नकाशा आणि भिंत आळीपाळीने बघत राहिली.

गट छोटा का हवा, तेही याच बोळात कळलं. इथे दोन माणसं शेजारी शेजारी चालली की तिसऱ्याला जागा नाही, आणि मागून स्कूटर आली की सगळ्यांनी ओट्यांवर चढायचं. दहा-बारा जण एका खडकीत, म्हणजे चार-सहा घरांच्या सामाईक अंगणात, गाइडभोवती उभे राहू शकतात. वीस झाले तर शेवटच्या पाचांना काही ऐकू येत नाही. ते मग फोन बघतात आणि घरातली माणसं वैतागतात. छोटा गट ही गिऱ्हाइकाची चैन असेल असं मला आधी वाटायचं. इथे ती वस्तीची गरज आहे.

वाटेतल्या सगळ्या थांब्यांवर मी रमले असं नाही. देवळं भराभर गेली. पण काही जागा मनात राहिल्या. कवी दलपतराम यांचं घर जिथे होतं तिथे आता चौक आहे, घराच्या दर्शनी भागाची आठवण उभी केलेली, आणि ओट्यावर बसलेला दलपतरामांचा पुतळा. अलेक्झांडर किनलॉक फोर्ब्ज हा इंग्रज अधिकारी त्यांच्याकडून गुजराती शिकला आणि 1848 साली गुजरात व्हर्नाक्युलर सोसायटी उभी राहिली. पुतळ्याची उंची, बसण्याची ढब इतकी घरगुती आहे की नागपूरच्या काकू सहज त्यांच्या शेजारी टेकल्या. रिलीफ रोडवर कॅलिको डोमची जागा. गौतम आणि गिरा साराभाई यांनी बकमिन्स्टर फुलरच्या घुमटांवरून प्रेरणा घेऊन 1960 च्या दशकात कॅलिको मिलच्या दुकानासाठी तो बांधला आणि 2001 च्या भूकंपानंतर तो कोसळला. हाजा पटेलनी पोळमधल्या काळा रामजी मंदिरात काळ्या दगडाचा राम आहे. नाशिकच्या काळारामाची सवय झालेल्या माझ्यासारखीला इथला राम बसलेला पाहून क्षणभर अडखळायला झालं.

हरकुंवर शेठाणींच्या हवेलीशी गाइड सगळ्यात जास्त वेळ थांबले. कोरीव लाकडी टेकूंवर तोललेली भव्य हवेली. नवरा हठीसिंग गेल्यावर या बाईंनी व्यवसाय सांभाळला आणि दिल्ली दरवाजाबाहेरचं हठीसिंगांचं संगमरवरी जैन मंदिर 1848 मध्ये पुरं करून घेतलं. हवेलीखाली आता दुकानं आहेत, आणि वरचं कोरीवकाम बघायला मान मोडेपर्यंत वर करावी लागते. एकटी असते तर मी ती दुकानं बघून पुढे गेले असते.

इथवर गाइडच्या बाजूचं झालं. आता दुसरी बाजू.

अडीच तासांत अंतर दोनेक किलोमीटरच कापलं जातं, पण थांबण्याचा हक्क तुमचा नसतो. फ्रेंच मुलीला एका टेकूचं रेखाटन करायचं होतं. तिने वही उघडली की गट वळणापलीकडे गेलेला असायचा. नागपूरच्या काकांचे गुडघे दुखत होते, बसायला ओट्याशिवाय जागा नव्हती, आणि देऊळ आलं की बूट काढ-घाल. स्वच्छतागृहाचा प्रश्न सुरुवातीच्या मंदिरातच मिटवून घ्यावा लागतो. लहान मुलांना यात फारसं काही नाही. बेंगळुरूच्या मुलांपैकी धाकट्याला चबुतरो आणि गुप्त वाट सोडून काहीच आवडलं नाही.

याहून महत्त्वाची अडचण गोष्टीची आहे. रोज तीच वाट चालणाऱ्या माणसाची गोष्ट हळूहळू गुळगुळीत होत जाते. माणेकनाथ बाबा दिवसा चटई विणायचे आणि रात्री उसवायचे, तसतशी अहमदशहाची तटबंदी दिवसा बांधली जायची आणि रात्री पडायची, ही दंतकथा. 1411 मध्ये अहमदशहाने शहर वसवलं, हा इतिहास. आमच्या गाइडने दोन्ही गोष्टी एकाच सुरात सांगितल्या. ऐकायला मजा येते, पण वेगळं करण्याचं काम आपल्यालाच करावं लागतं.

आणि वाट कुणीतरी निवडलेली असते. मंदिर ते मशीद ही ओळ सुरेख आहे, पण सकाळचा बहुतेक वेळ हिंदू आणि जैन पोळमध्ये जातो आणि मशीद शेवटी येते. 1969, 1985, 2002 या दंगलींच्या सालांचा उच्चार आमच्या फेरीत एकदाही झाला नाही. दरवाजे, पहारेकऱ्याच्या खोल्या आणि निसटण्याच्या वाटा पाहताना ती सालं मनात येत होती तरी. गिरणगावही वाटेवर नाही. रणछोडलाल छोटालाल यांनी 1861 मध्ये शहरातली पहिली कापडगिरणी सुरू केली. 1918 मध्ये गिरणी कामगारांच्या संपात गांधीजींनी उपोषण केलं. या शहराला 'पूर्वेचं मँचेस्टर' म्हणायचे. तो सगळा पूर्वेकडचा भाग, गोमतीपूर, राजपूर, पाहायचा तर स्वतः जावं लागतं. पदयात्रा शहराची पहिली ओळख करून देते. शहर स्वतःबद्दल जे सांगायला तयार आहे तेवढंच त्या ओळखीत असतं.

जामा मशिदीत फेरी संपली. 1424 मध्ये पूर्ण झालेली ही मशीद, विस्तीर्ण अंगण, आत खांबांचं दाट रान. मुख्य कमानीच्या दोन्ही बाजूंचे मिनार 1819 च्या भूकंपात पडले. बुंधे उरलेत, आणि त्यांवरचं कोरीवकाम पाहून वर काय असेल याचा अंदाज येतो. गट पांगला. तिथून पुढचा दिवस माझा होता.

गाइडने निघताना सांगितलं होतं की पश्चिमेला दोन पावलांवर तीन दरवाजा आहे, तिथला कोनाडा बघा. त्या कोनाड्यात एक दिवा तेवतो आणि एक मुस्लिम कुटुंब तो राखतं. लक्ष्मी शहर सोडून निघाली तेव्हा पहाऱ्यावरच्या सिद्दिक कोतवालाने तिला 'मी परत येईपर्यंत थांब' म्हणून अडवलं, आणि तिने कायमचं थांबावं म्हणून स्वतःचा जीव दिला, अशी कथा आहे. पण मला तिथे आणखी काहीतरी बघायचं होतं, जे त्या सकाळी कुणी सांगितलं नव्हतं. 1758 पासून 1817 पर्यंत हे शहर पेशवे आणि गायकवाड यांच्यात वाटलेलं होतं. त्या काळातला, 1812 सालचा, एक देवनागरी शिलालेख तीन दरवाजावर आहे. मराठ्यांचा सुभेदार चिमणाजी रघुनाथ याने तो लावला. वडिलांच्या मालमत्तेत मुलीला तिचा हिस्सा विनातक्रार मिळावा, असा हुकूम. जो मोडेल त्याने, हिंदू असेल तर महादेवाला आणि मुसलमान असेल तर अल्लाला जाब द्यायचा. सगळी अक्षरं मला लागली नाहीत. कपड्यांच्या फेरीवाल्यांच्या गर्दीत धक्के खात मी ती लावत राहिले, आणि कुणी 'चला पुढे' म्हणायला नव्हतं. मराठी वाचकाला या जागेसाठी गाइड लागत नाही. थोडी आधीची तयारी आणि रिकामा वेळ लागतो. तो वेळ गटात मिळाला नसता.

बाकीचं शहर तर स्वतःच बोलतं. साबरमती आश्रमात गांधीजींचं हृदयकुंज तुमच्यासमोर उभं असतं, चार्ल्स कोरिया यांनी 1963 मध्ये बांधलेल्या संग्रहालयातले फलक वाचत पुढे जायचं. 12 मार्च 1930 रोजी दांडीयात्रा इथून निघाली, हे ठाऊक असलं की नदीकाठी बसून राहणं पुरे होतं, आणि तिथे बसून राहायलाच जावं. सीदी सैयद मशिदीची जाळी तर भर चौकात आहे. दगडात कोरलेलं ते झाड कुणी समजावून सांगू लागला तर उलट त्रासच होतो. सरखेज रोज्याच्या तलावाकाठच्या पायऱ्यांवर संध्याकाळी शाळेची मुलं, नमाजाला आलेली माणसं आणि आपण. अडालजच्या 1499 मधल्या विहिरीत एकेक मजला उतरत जाताना उन्हाचा पट्टा आणि गारवा बदलत जातो. त्याची गती प्रत्येकाची वेगळी. या ठिकाणांसाठी काकांची रिक्षाच बरी.

एक अपवाद कॅलिको म्युझियमचा. शाहीबागेतल्या त्या वस्त्रसंग्रहालयात एकट्याने हिंडता येत नाही. आधी नाव नोंदवायचं, ठरलेल्या वेळी मोजक्या लोकांनी आत जायचं, फोन आणि पिशव्या बाहेर, आणि दाखवणाऱ्याच्या मागे चालायचं. तिथे छोट्या गटात जावं की नाही हा प्रश्नच उरत नाही. पटोळी, पिछवाया आणि तंबूंचे कापडी पडदे उजेडाला जपून मंद दिव्यांत ठेवलेले आहेत, आणि रेंगाळलं की दाखवणाऱ्या बाई मागे वळून बघतात. मला ती शिस्त जाचली, पण कापड टिकण्यासाठी ती हवी हेही पटलं. जाणार असाल तर नोंदणी प्रवास ठरवतानाच करावी.

मावशीला मी शेवटी या सगळ्याचा हिशेब करून दिला. पदयात्रा पहिल्याच सकाळी घ्यायची, शेवटच्या नाही. कारण त्यातून कळतं की परत कुठे यायचं. पैसे भरण्याआधी चार गोष्टी विचारायच्या: गटात जास्तीत जास्त किती माणसं, बोलणार कोणत्या भाषेत, मधे एखाद्या दुकानात 'फक्त बघायला' नेणार का, आणि काकांना मधेच थांबावंसं वाटलं तर बाहेर रिक्षा कुठे मिळेल. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'हो' असेल तर दुसरा गाइड शोधायचा. गुडघे फारच दुखत असतील तर दोघांपुरता वेगळा गाइड घ्यावा, थोडा महाग पडतो पण आपल्या चालीने चालतो. शहरात कुणी जुनं नातेवाईक पोळमध्ये राहात असेल तर मात्र गाइड घेऊच नये. त्यांच्या ओट्यावर चहा घेत बसावं, बाकीचं आपोआप कळतं. उन्हाळ्यात जायचंच झालं तर नऊच्या आत पोळ सोडावी. दुपार जेवणाला, झोपेला आणि एकटं हिंडायला राखून ठेवावी. माणेक चौकात सकाळी गाईंना चारा, दुपारी सोन्याचांदीचा व्यवहार आणि रात्री खाण्याच्या गाड्या, हे एकाच जागेचे तीन वेष वेगवेगळ्या वेळी जाऊनच दिसतात. कुठलीही फेरी ते एका वेळी दाखवू शकत नाही.

ती म्हणाली, "आणि पुढे दुसऱ्या शहरात गेलो तर? तेव्हा पुन्हा तुलाच फोन करायचा?"

त्याची गरज नाही. फोनवर त्या शहराचा नकाशा उघडावा आणि जुन्या भागातल्या गल्ल्या मोठ्या करून बघाव्यात. गल्ल्या एका रस्त्यापासून दुसऱ्या रस्त्यापर्यंत सरळ जात असतील, तर घरांची तोंडं रस्त्याकडे असणार. 1727 मध्ये आखून वसवलेलं जयपूर किंवा मुंबईचा फोर्ट अशा जागी पुस्तक घेऊन, पाट्या वाचत, आपल्या मनाने हिंडावं; गाइडचे पैसे खाण्यावर खर्च करावेत. पण गल्ल्या रस्त्यावरून आत शिरून मधेच संपत असतील, झाडाच्या फांद्यांसारख्या आंधळ्या होत असतील, तर ते शहर आतल्या बाजूला उघडतं. तिथे पहिल्या सकाळी कुणाच्या तरी मागून, थोड्या माणसांत जावं.